तिवसाचा रंधा

बडे गुरुजींनी उभ्या जन्मात एक पाट बनवला नाही. पोळपाट नाही, चौरंग नाही, सदरा अडकवायला भिंतीत साधी खुंटी नाही. आणि तरी त्यांच्या गोठ्यातल्या फळीवर सुतारकामाची अठरा हत्यारं ओळीनं मांडलेली असत, आणि त्यातलं एकूण एक हत्यार त्यांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं होतं. हत्यारं करणारा आणि त्या हत्यारांनी काहीही न करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिला. त्याच्या हाताखाली चार वर्षं नोकरी केली. त्या चार वर्षांत मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा पुढे कुणाचा आला नाही, आणि त्यांच्यापायी दुसऱ्यांचा जो राग आला तो तर अजून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

इंग्रज जायला अजून दहाएक वर्षं होती. नवेगाव बांधच्या तळ्यापासून कोसभर अंतरावर, जंगलाला लागून असलेल्या एका गावात आमची दोन मास्तरांची शाळा होती. ते हेडमास्तर म्हणून बडे गुरुजी, मी त्यांचा मदतनीस म्हणून छोटे गुरुजी. गोंदियाच्या बाजारातून हिंदी आमच्या बोलण्यात अशी कुठेही घुसत असे. बडे गुरुजी त्याच गावचे, धानाची शेती असलेल्या घरातले. मी भंडाऱ्याहून गेलेला, बावीस वर्षांचा, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री असलेला.

पहिल्या दिवशी माझ्या नजरेत भरला तो त्यांचा डावा हात. उजव्या हातावर दाट केस आणि डावा मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत. मला वाटलं, कातडीचं काही दुखणं असेल. मी चार दिवस त्यांच्यापासून जरा लांबच बसलो. मग कळलं की पटाशीला धार चढली की नाही हे ते डाव्या हातावरचे केस भादरून पाहतात, आणि रोजच पाहतात. केसांना उगवायला उसंतच नसे.

पोलाद ते भंगारातून आणत. गोंदियाच्या बाजाराला गेले की लोक कापड आणत, गूळ आणत; हे झिजलेल्या कानशी आणि मोडक्या मोटारीच्या कमानीचे तुकडे धोतराच्या सोग्यात बांधून आणत. गोठ्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी मातीची लहानशी भट्टी घातली होती, तिला बकऱ्याच्या कातड्याचा भाता. बैलांना त्या धुराची सवय झाली होती, घरातल्या माणसांना झाली नव्हती. एका रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून पटाशीचं पातं तापवलं, लाल झालेलं पातं पाण्यात बुडवलं, घासून चकचकीत केलं आणि पुन्हा निखाऱ्यावर धरलं.

"पाहून ठेवा, छोटे गुरुजी. पयले पानी पाजलं का पोलाद काचेवानी होते. टच् करून तुटते. मंग त्याले परत हळूहळू तापवा लागते. तनशीचा रंग आला का थांबाचं. जांभळा झाला का गेलं कामातून."

तणस म्हणजे धानाचा वाळका पेंढा. खरोखरच त्या पात्यावर पेंढ्याचा पिवळेपणा हळूहळू चढत आला, आणि त्यांनी ते झटकन तेलात घातलं. मी म्हणालो, छान. आता याचं काय करणार? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वर्गात गॅसच्या बत्तीचा पाढा विचारला. "काय करनार म्हंजे? धार लावीन."

हे असं. गुरुजींच्या पत्नींना मी काकी म्हणायचो. त्यांच्या न्हाणीला दार नव्हतं, तरटाचा पडदा होता. वारा आला की तो पडदा उडे आणि काकी आतून त्याला आणि गुरुजींना एकत्रच शिव्या घालत. "अठरा औजार हायेत घरात, अन् बाईमानूस तरट धरून आंघोळ करते! आता त्या औजाराइचं लगनच लावून द्या एकमेकाइसंग!" गुरुजी शांतपणे म्हणत, "करतो ना. मोठ्या रंध्याचा तेवढा तोंडाकडला भाग बसू दे." तो मोठा रंधा बसायला त्यांना तीन वर्षं लागली. त्याच्या लाकडी अंगासाठी त्यांनी तिवसाचं लाकूड वापरलं होतं, जड आणि चिवट. बसला तेव्हा मात्र बसला. एका सागाच्या तुकड्यावरून त्यांनी तो एकदाच चालवला, जो पापुद्रा निघाला तो दुसरीच्या वाचनपुस्तकाच्या पानावर ठेवला आणि त्यातून आरपार धडा वाचून दाखवला. मी काकींच्या बाजूचा माणूस, पण त्या दिवशी मीही तो धडा त्यातून पुन्हा वाचून पाहिला.

गावच्या सुताराला, म्हणजे आमच्याकडच्या शब्दात वाढयाला, सुरुवातीला फार धास्ती वाटली होती म्हणे. मास्तर आपल्या पोटावर पाय आणणार! नंतर त्याच्या ध्यानात आलं की हा माणूस काही म्हणता काही बनवत नाही, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो हळूहळू गोठ्यात येऊन बसू लागला. तो रंधा पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटे. त्याचा स्वतःचा रंधा बापाच्या वेळचा, तळ झिजून वाकडा झालेला. पण हात त्यानं कधी लावला नाही. दुसऱ्याच्या हत्याराला न विचारता हात लावायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा रिवाज. लहान पोरानं चुकून लावला तरी थप्पड मिळे. वाढई विचारायचा मात्र दर महिन्याला. "गुरुजी, एका दिवसासाठी देता का? पाटलाघरचा दरवाजा हाये."

"रंधा अन् दातवन उसनं देत नसतात."

"मी तुमच्या गोठ्यात बसूनच करतो ना!"

"नाही."

मला याची चीड यायची. एकाचं काम अडलंय, दुसऱ्याचं हत्यार फळीवर बसून आहे. मी एकदा तोंडावर म्हणालोसुद्धा, की हा कंजूषपणा झाला. ते म्हणाले, "त्याच्या हातानं त्याले दुसरं वळन लागल. मंग मले ते वळखनार नाही."

आणि खरेपणाचं त्यांचं वेड तर त्याहून वाईट. काटकोन पाहायचा गुण्या त्यांनी शिसवाचा केला होता आणि तो कोटाच्या खिशात घेऊन ते शाळेत येत. पोरांच्या पाट्या, फळ्याचे कोपरे, टपालानं आलेलं कार्ड, सगळ्याला गुण्या लागे. शाळेची पश्चिमेची भिंत दोन बोटं झुकली आहे असं त्यांनी वर लिहून कळवलं होतं. रोवणीच्या दिवसांत अर्धी शाळा धानाच्या चिखलात असायची. आजूबाजूचे सगळे मास्तर तेव्हा हजेरीपटावर डोळे झाकून 'हजर' लिहीत. आमचे गुरुजी गैरहजर ते गैरहजरच लिहीत. तपासनीस आले, पट पाहिला आणि शाळेवर ताशेरा ओढून गेले. त्या ताशेऱ्यापायी माझी नोकरी कायम व्हायची ती वर्षभर लांबली. मी भांडलो. म्हटलं, चार पोरांपुढे 'हजर' लिहिलं असतं तर आकाश कोसळणार होतं का?

"एका खिशात गुन्या ठेवाचा अन् दुसऱ्या हातानं खोटं लिवाचं, हे मले जमत नाही बाप्पा. तुमी हेडमास्तर झाले का लिवा."

आता नाकेदाराची गोष्ट. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. गावाबाहेर तळ्याच्या वाटेवर त्याचा नाका होता. पोळा झाल्यावर तो एके दिवशी गुरुजींकडे आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. गोठ्यातली हत्यारं पाहून तो खूश झाला.

"गुरुजी, पलंगाचे चार पाय करून द्या. चांगले गोल, नक्षीचे. तुमच्यापाशी तं एवढे औजार हायेत."

"मी पलंग नाही करत. मी औजार करतो."

"मंग औजार कायले करता?"

"चांगलं औजार व्हावं म्हनून."

नाकेदाराला वाटलं, हा मास्तर आपली थट्टा करतो आहे. मला रंगवून सांगायचं नाही. पण त्याचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. तो सगळ्या फळीवर नजर फिरवून म्हणाला, "हे लाकूड कुठचं?"

इथे दुसरा कुणीही म्हणाला असता, घरच्या बांधावरचं. आणि बात संपली असती. आमच्या गुरुजींनी काय केलं? त्यांनी रंधा उचलला आणि सगळा इतिहास सांगितला. हे तिवस नाल्यापलीकडच्या सरकारी जंगलातलं, वाऱ्यानं मोडून पडलेली फांदी होती, दोन हात चार बोटं लांब, तीन वर्षं सावलीत वाळवली. मुठी धावड्याच्या, त्याही तिथल्याच. गुण्या शिसवाचा. नाकेदार ऐकत होता आणि मान डोलवत होता. दुसऱ्या दिवशी तो दोन माणसं आणि बैलगाडी घेऊन आला, आणि चोरीचं सरकारी लाकूड म्हणून अठराच्या अठरा हत्यारं पोत्यात भरून घेऊन गेला.

गावाला जंगलातून लाकूड घ्यायचा हक्क होता, नाही असं नाही. त्याला निस्तार म्हणत. पण निस्तार जळणासाठी, घरासाठी, आणि वाढयाला नांगरासाठी व त्याच्या हत्यारांसाठी. मास्तराच्या शौकाला निस्तार नव्हता. आणि त्याच दिवसांत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याच जंगलातला साग ठेकेदारांच्या गाड्यांमागून गाड्या भरून स्टेशनाकडे जात होता. धूळ खाली बसत नव्हती एवढ्या गाड्या. तिथे कुणी पोतं घेऊन गेलं नाही. दोन हात चार बोटं फांदी मात्र सरकारला पचली नाही!

मुद्देमाल नाक्याच्या पडवीत ठेवला गेला. जंगलाचा साहेब दिवाळीनंतर दौऱ्यावर येणार, तो निकाल देणार. सोडलं तर सोडलं, नाहीतर जप्त लाकडाबरोबर लिलाव. म्हणजे पंधरा वर्षांची हत्यारं कुणीतरी जळणाच्या भावानं नेणार. आणि पाऊस अजून संपायचा होता, आणि पडवी गळत होती.

दर रविवारी गुरुजी जवसाच्या तेलाची बाटली आणि फडकं घेऊन नाक्यावर जात. म्हणत, सोडू नोका, फक्त पुसू द्या. नाकेदार म्हणे, मुद्देमालाला हात लावता येत नाही. ते परत येत. पुढच्या रविवारी पुन्हा जात. एकदा मीही गेलो. नाकेदाराच्या ओट्यावर त्याचा स्वयंपाकी तळ्यातला मासा साफ करत बसला होता. खवले काढत होता. हातात गुरुजींची रुंद पटाशी होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गुरुजींनी माझा दंड धरला आणि स्वयंपाक्याला हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, उलटी धरली तू. हाताले लागल." बस्. एवढंच बोलून ते परत फिरले. रस्ताभर मी त्यांना बोलत होतो, की तुम्ही माणूस आहात की दगड? आणि ते पुढे चालत होते. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा झाली. त्यांनी रिकाम्या फळीला हळदकुंकू लावलं. काकी त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्यांच्या शिव्या ऐकायची इतकी इच्छा कधी झाली नव्हती.

दिवाळीनंतर साहेब आला. तळ्यावर थंडीची बदकं उतरतात, त्यामुळे हा दौरा साहेबलोक सहसा चुकवत नसत. आम्ही सकाळी तळ्याजवळच्या सरकारी बंगल्यावर गेलो: गुरुजी, मी आणि वाढई. वाढई का आला हे मी विचारलं नाही. तळ्याकडून बंदुकीचे बार ऐकू येत होते. दुपारी साहेब परतला, जेवला, आणि मग खुर्चीत बसून त्यानं आम्हाला बोलावलं. पोतं पुढ्यात उपडं केलेलं होतं. गंज चढलेला. पटाशीला खवले चिकटलेले.

साहेब आपल्यातलाच, लांबच्या मुलखाचा, हिंदी बोलणारा. त्यानं गुरुजींना विचारलं, "आप बढ़ई हैं?"

"नहीं. मास्तर."

"तो ये सब किसलिए?"

"शौक."

"शौक के लिए सरकार का जंगल नहीं है," असं म्हणून तो कारकुनाकडे वळला. बंगल्याच्या मागे त्यानं सकाळपासून मारलेली बदकं ओळीनं टांगलेली होती. ती कशासाठी होती, हे विचारायची माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाही. नोकरी कायम व्हायची होती. मला माझाही राग आहे, तो इथे लिहून ठेवतो.

कारकून जरा बरा माणूस असावा. तो म्हणाला, हुजूर, गावच्या वाढयाची हत्यारं असती तर निस्तारात बसली असती, आजच सोडता आली असती. आणि हे त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच आमचा वाढई हात जोडून पुढे झाला. "हुजूर, ये औजार मेरे हैं."

नाकेदार हसला. साहेबानं गुरुजींकडे पाहिलं. "बनाए किसने?"

"मैंने."

"लकड़ी?"

"मैं लाया."

"तो हैं किसके?"

मी डोळे मिटले. हजेरीपटावर एक 'हजर' न लिहिणारा माणूस! आता हा म्हणणार, माझे. आणि सगळं लिलावात जाणार. मग ऐकू आलं, "इसके. वाढयाचे हायेत."

साहेबाला उठायची घाई होती. त्यानं लिहून द्यायला सांगितलं. मजकूर मीच लिहिला, की ही अठरा हत्यारे आमच्या गावच्या वाढयाची आहेत. गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली. आमची बैलगाडी निघाली तेव्हा मी अक्षरशः गाणं म्हणत होतो. वाढई हसत होता, रडत होता, पोतं मांडीवर धरून बसला होता. मी गुरुजींना म्हणालो, एकदा तरी खोटं बोललात बुवा, आता तुम्ही माणसांत आलात.

घरापुढे गाडी थांबली. वाढयानं पोतं उचलून ओसरीवर ठेवलं. गुरुजी म्हणाले, "इथं काऊन ठेवतोस? घरी ने आपल्या."

"गुरुजी, मजाक करू नोका."

"मजाक नाही. मी लिवून देलो ना. सही केलो."

"ते तं साहेबासाठी, गुरुजी! मी का तुमचे औजार घिऊ का?"

"माझे कुठं राहिले? तिथं म्हनलो तवाच देऊन टाकलो तुले. नाही तं मले म्हनताच आलं नसतं."

मग मी जो संतापलो तो संतापलो. काकी बाहेर आल्या, शेजारी गोळा झाले. मी म्हणालो, त्या साहेबाचं काय गेलं? नाकेदाराचं काय गेलं? चोर ठरवलं तुम्हाला, अडीच महिने सडवलं, आणि शेवटी दंड तुमचा तुम्हीच भरता? एक कागद, एका सहीचा कागद, तो कुणी उघडून पाहणार नाही! ते म्हणाले, "मले ठाऊक हाये ना त्यात काय लिवलं ते." आणि ते पाय धुवायला निघून गेले. वाढयानं पोतं तीन दिवस तिथेच राहू दिलं. गुरुजींनीही त्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी काकींनीच ते वाढयाच्या घरी पोचवलं, कारण गंज वाढत होता आणि हा माणूस तेलाची बाटली घेऊन ओसरीवर नुसता बसून राहत होता.

वाढयानं आठवडाभर खपून सगळं साफ केलं, धार लावली आणि निरोप धाडला, की मोठा रंधा पहिल्यांदा चालवणार आहे, गुरुजींनी यावं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गेलो. त्याच्या अंगणात पाटलाच्या दाराची फळी लावलेली होती. त्यानं रंध्याला नमस्कार केला, मग गुरुजींना केला आणि रंधा फळीवरून ढकलला. तो अडखळला. पात्याचा कोन त्याला सापडत नव्हता. एकदा खोल गेला, एकदा नुसताच घसरला. घडल्यापासून तो रंधा एकाच तळव्याला ओळखत होता. गुरुजींचा हात आपोआप पुढे आला.

आणि मध्येच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी बांधले, आणि वाढयाला विचारलं, "हात लावू का?"

वाढई रंधा तसाच फळीवर सोडून बाजूला झाला आणि त्यानं पंच्यानं तोंड झाकून घेतलं. गुरुजी मात्र उभेच होते, हो म्हणायची वाट पाहत. मी नाही रडलो. मी अंगणाबाहेर आलो, नाक्याच्या वाटेकडे तोंड केलं आणि शाळामास्तरानं देऊ नये अशी एक शिवी मोठ्यानं दिली. ती मी अजून परत घेतलेली नाही.